शेऱ्याचा रकाना

डीबीएमएस हा विषय ज्यांनी केला आहे त्यांना माहीत असेल, की आपण कॉडसाहेबांच्या १९७० सालच्या पेपरपासून सुरुवात करतो, नॉर्मल फॉर्म्स पाठ करतो, बीसीएनएफला अडखळतो आणि जॉईन्सवर मार्क मिळवतो. पण या सगळ्यात डेटा आत टाकणारा माणूस कुठेच येत नाही. टेबल भरलेलंच असतं. ते कुणी भरलं, किती वेळात भरलं, भरताना त्याची मान आखडली का, हे कुठल्याही युनिटमध्ये नाही. मलाही नव्हतं माहीत. मला ते तात्यांनी शिकवलं, आणि तेसुद्धा न शिकवता.

तर झालं असं. आमचं गाव शिरोळ तालुक्यात, नदीकाठी. गावात एक सार्वजनिक वाचनालय आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये महापूर आला तेव्हा वाचनालयात पाणी शिरलं आणि खालच्या दोन फळ्यांवरची पुस्तकं भिजून लाकडाच्या ओंडक्यासारखी फुगली. तात्या म्हणजे आमचे ग्रंथपाल. त्यांनी त्या दिवशी पुस्तकं सोडून पहिल्यांदा काय उचललं असेल? दाखल नोंद वह्या. सहा जाडजूड वह्या पोत्यात घालून, डोक्यावर घेऊन ते कमरेभर पाण्यातून घरी गेले आणि त्या माळ्यावर ठेवल्या. लोक हसले म्हणे. २०२१ च्या जुलैमध्ये परत पाणी आलं, परत वह्या डोक्यावर. या वेळी कुणी हसलं नाही, कारण आदल्या पुरानंतर कुठली पुस्तकं गेली, कुठली राहिली, हे सगळं त्या वह्यांमुळेच लागलं होतं.

माझे बाबा वाचनालयाच्या कार्यकारिणीवर आहेत. एका बैठकीत ठरलं की या वह्या संगणकावर घ्यायच्या. संगणक होता! एका संस्थेनं नवीन घेतल्यावर जुना देऊन टाकलेला, विंडोज ७ आणि ऑफिस २००७ वाला. आणि कॉम्प्युटरची पोरगीही घरात होती. मी तेव्हा तिसऱ्या वर्षाला, मिनी प्रोजेक्टचा विषय शोधत होते. २०२२ ची दिवाळीची सुट्टी समोर होती. म्हटलं, सोपं आहे. अ‍ॅक्सेसमध्ये चार टेबलं, एक फॉर्म, दोन रिपोर्ट. दोन दिवसांचं काम.

(दोन दिवस! आजही हसू येतं.)

ग्रुपमधला एक मित्र म्हणाला, अ‍ॅक्सेस काय घेऊन बसलीस, कोहा टाक. कोहा हे ग्रंथालयांसाठीचं मोफत सॉफ्टवेअर, न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालयात २००० साली सुरू झालेलं, आणि खरोखरच उत्तम. पण त्याला लिनक्सचा सर्व्हर लागतो, तो चालता ठेवणारं माणूस लागतं. आमच्याकडे एक संगणक, एक तात्या आणि दिवसातून चारदा जाणारी वीज. शिवाय विंडोज ७ चा सपोर्ट मायक्रोसॉफ्टनं २०२० च्या जानेवारीतच बंद केलेला, त्यामुळे त्या मशीनला नेट जोडायचंच नाही असं मी ठरवलं होतं. एकच फाईल, पेनड्राईव्हवर घेऊन घरी नेता येईल अशी. पूर आला तर डोक्यावर पोतं नको, खिशात पेनड्राईव्ह. हे मला अजूनही पटतं.

पहिल्या दिवशी टेबल केलं. दाखल क्रमांक, दिनांक, शीर्षक, लेखक, प्रकाशक, प्रकाशन वर्ष, पृष्ठे, किंमत, विक्रेता, बिल क्रमांक. वहीत शेवटी 'शेरा' असा एक रकाना होता. मी तो पाहिला आणि सोडून दिला. पुढे सांगते.

फॉर्म विझार्डवर चार क्लिक मारले आणि फॉर्म तयार! निळसर हेडर, वर वाचनालयाचं नाव, बाजूला पुस्तकाचं चित्र. मी खूश. तात्यांना बोलावलं. ते आले, चष्मा पुसला, खुर्चीवर टेकले आणि म्हणाले, "हे शीर्षक आधी कशाला विचारतंय?"

"पुस्तकाचं नाव महत्त्वाचं ना, तात्या."

"ते खरं. पण वहीत तारीख, मग क्रमांक, मग लेखक, मग नाव. माझी नजर डावीकडनं उजवीकडं जाणार. तुझं हे यंत्र मला मधनं सुरू करायला लावतंय."

मला आधी राग आला. पण मग त्यांच्या शेजारी बसून दहा पुस्तकांच्या नोंदी करताना पाहिलं. वहीवर बोट, मग पडदा, मग पुन्हा वही, बोट दोन रकाने मागे, मग पुन्हा पडदा. एका नोंदीला चार-पाच मिनिटं. पुस्तकं साडेआठ हजार! हिशेब केला आणि घाम फुटला. संध्याकाळी बसून मी फॉर्मवरचे सगळे चौकोन वहीच्या ओळीच्याच क्रमाने लावले आणि टॅब ऑर्डरही तशीच केली. इथे एक गंमत आहे. चौकोन उचलून दुसरीकडे ठेवला म्हणून टॅबचा क्रम आपोआप बदलतोच असं नाही. पडद्यावर सगळं सरळ दिसतं, पण टॅब मारला की कर्सर बेडकासारखा उड्या मारतो. टॅब ऑर्डरच्या खिडकीत जाऊन ऑटो ऑर्डर दाबायचं, हे मला रात्री अकरा वाजता सापडलं. हेडरमधलं चित्र काढून टाकलं. त्यानं जागा खाल्ली होती, बाकी काही केलं नव्हतं.

दुसरी चूक क्रमांकाची. दाखल क्रमांक मी ऑटोनंबर केला होता. आपल्याला लॅबमध्ये तसंच शिकवतात, प्रायमरी की म्हणजे ऑटोनंबर. आता अ‍ॅक्सेसचं असं आहे, की नव्या नोंदीत पहिलं अक्षर टाइप केलं की नंबर खर्ची पडला. मग तुम्ही एस्केप दाबून नोंद रद्द करा, नंबर परत येत नाही. तात्यांनी तेविसावी नोंद अर्धी करून रद्द केली, तर पुढचं पुस्तक चोवीस झालं. ते खुर्चीतून उठलेच.

"पोरी, हा नंबर पुस्तकावर शाईनं लिहिलेला आहे. शिक्क्यावर आहे. आतल्या पानावर आहे. तुझ्या यंत्रानं एक आकडा खाल्ला म्हणून मी साडेआठ हजार पुस्तकांवर खाडाखोड करू?"

बरोबर होतं त्यांचं. दाखल क्रमांक हा पुस्तकाचा जन्मदाखला आहे. संगणकानं तो ठरवायचा नाही, फक्त लिहून घ्यायचा. मग तो साधा नंबर केला, 'डुप्लिकेट नको' अशी अट घातली आणि डिफॉल्ट व्हॅल्यूमध्ये डीमॅक्स वापरून 'आतापर्यंतचा सगळ्यात मोठा अधिक एक' असं टाकलं. हवा तर बदला. (मध्ये एकदा तो टेक्स्ट करून पाहिला होता. तेव्हा यादी १, १०, १००, १०००, १००१ अशी लागली. तात्या काही बोलले नाहीत, फक्त माझ्याकडे पाहिलं.)

त्यानंतर खरी मजा आली ती प्रकाशन वर्षात. मी व्हॅलिडेशन रूल टाकला होता, वर्ष १८०० ते २१०० मध्ये हवं. तात्या जुन्या वहीतून नोंदी करत होते आणि मध्येच थांबून म्हणाले, "शके लिहू का इसवी?"

मी म्हटलं, "काय?"

त्यांनी पुस्तक काढून दाखवलं. शीर्षकाच्या पानामागे छापलं होतं, शके १८७१. म्हणजे इसवी सन १९४९. शकात अठ्ठ्याहत्तर मिळवायचे, आणि वर्ष चैत्रात बदलत असल्यामुळे शेवटच्या दोनतीन महिन्यांसाठी एकोणऐंशी. माझा रूल १८७१ ला मुकाट्यानं 'या, बसा' म्हणाला असता. पुस्तक अठ्ठ्याहत्तर वर्षं म्हातारं झालं असतं आणि कुणाला कळलंही नसतं. चूक पकडायला ठेवलेला पहारेकरी चोराला ओळखतच नव्हता! मग वर्षाशेजारी एक छोटी चौकट टाकली, 'शके'. तिथे टिक केली की ७८ मिळवून इसवी सन शेजारी दिसतो, आणि मूळ आकडा छापलाय तसा राहतो.

किंमतही मी रिक्वायर्ड केली होती. आपल्याला वाटतं, सक्ती केली की डेटा पूर्ण येतो. वाचनालयाला भेट आलेल्या पुस्तकांना वहीत किंमत नव्हती. फॉर्म पुढे जाऊ देईना. तात्यांनी दोनतीनदा प्रयत्न केला आणि मग सरळ १ टाकायला लागले. शंभरेक पुस्तकं एक रुपयाची झाली. मी विचारलं तर म्हणाले, "ते सोडत नव्हतं मला." म्हणजे सक्तीच्या रकान्यानं एका सरळमार्गी माणसाला खोटं लिहायला लावलं. दुरुस्ती केली, किंमत रिकामी चालेल आणि 'खरेदी / भेट' असा पर्याय. रिकामं आणि शून्य यांत फरक असतो, हे नलवर दोन मार्कांची टीप लिहिताना मला कधी जाणवलं नव्हतं.

आणि तो इंग्रजी मेसेज. काही चुकलं की अ‍ॅक्सेस टुणकन आवाज करून इंग्रजीत खडसावतो. तात्यांना वाटायचं आपण काहीतरी मोडलं. ते हात मांडीवर ठेवून, वर्गातून बाहेर काढलेल्या मुलासारखे माझी वाट बघत बसायचे. व्हॅलिडेशन टेक्स्टमध्ये मराठी लिहिता येतं हे कळल्यावर मी प्रत्येक ठिकाणी लिहिलं: 'तात्या, वर्ष चार आकडी लिहा.' त्यांना ते फार आवडलं. म्हणाले, "आता माणसासारखं बोलतंय."

टायपिंगची मला काळजी होती ती उगाच. तात्या तरुणपणी मराठी टंकलेखनाची परीक्षा पास झालेले होते. टाइपरायटरचा कीबोर्ड देणारं इनपुट टूल टाकलं आणि त्यांची बोटं धावायला लागली. माझ्यापेक्षा जोरात! फक्त त्यातून एक विचित्र भानगड झाली. 'दुसऱ्या' हा शब्द शोधला तर निम्मी पुस्तकं सापडेनात. डोळ्यांना अक्षर तंतोतंत सारखं. पण युनिकोडमध्ये हा अर्धा र दोन प्रकारांनी लिहिला जातो. एक म्हणजे ऱ हे वेगळं अक्षर घेऊन, दुसरा म्हणजे साधा र, हलन्त आणि मग एक न दिसणारं जोडचिन्ह. माझा कीबोर्ड एक लिहीत होता, तात्यांचा दुसरा. माणसाला एकच शब्द, मशीनला दोन. एक अपडेट क्वेरी लिहून सगळे एका जातीचे केले. आठवडाभरानं परत चालवावी लागली, असो.

लेखकांसाठी मात्र टाइपच करू द्यायचं नाही असं ठरवलं. कारण एकाच माणसाचे वि. स. खांडेकर, वि.स.खांडेकर, खांडेकर वि. स. आणि खांडेकर (नुसतंच) असे चार लेखक झाले होते. म्हणून लेखकांचं वेगळं टेबल, फॉर्मवर कॉम्बो बॉक्स आणि 'लिमिट टू लिस्ट' होय. नवीन लेखक आला तर विचारून यादीत घालायचा. इथे मात्र तात्यांचा आणि माझा अर्धा दिवस वाद झाला. मला कुसुमाग्रज आणि वि. वा. शिरवाडकर एक करायचे होते. माणूस एकच आहे, मग दोन ओळी कशाला? रिडंडन्सी! तात्या म्हणाले, कवितेच्या पुस्तकावर कुसुमाग्रज छापलंय, नाटकावर शिरवाडकर. वाचक काय मागतो? तो 'कुसुमाग्रजांची कविता' मागतो. आरती प्रभू मागणाऱ्याला चिं. त्र्यं. खानोलकर दाखवलं तर तो तसाच परत जाईल. आणि गडकऱ्यांचं काय करणार? नाटकात राम गणेश गडकरी, कवितेत गोविंदाग्रज, विनोदात बाळकराम!

शेवटी मुखपृष्ठावर असेल तेच नाव ठेवलं, आणि लेखकांच्या टेबलात 'मूळ नाव' अशी एक जास्तीची जागा केली. शोधताना दोन्हीकडे शोधायचं. तात्यांच्या जुन्या कार्ड कॅटलॉगमध्ये हेच 'पाहा' असं लिहून केलेलं होतं. 'बालकवी: ठोंबरे, त्र्यंबक बापूजी पाहा.' म्हणजे मी अर्धा दिवस भांडून जे शोधून काढलं ते लाकडी खणात आधीपासून होतं.

एवढं सगळं झाल्यावर वेग आला. एकाच बिलावर चाळीस पुस्तकं आली की तारीख, विक्रेता, बिल नंबर तेच तेच. वहीत तात्या अशा ठिकाणी दोन छोट्या रेघा मारत, 'वरीलप्रमाणे'च्या. मी म्हटलं, अ‍ॅक्सेसमध्येही आहे, कंट्रोल धरून अवतरणचिन्हाची की दाबा, वरच्या नोंदीतलं तसंच्या तसं खाली येतं. त्यांनी दाबून पाहिलं. मग त्या कीवरची खूण पाहिली. मग वहीतल्या रेघा पाहिल्या. "अगं, ही तर आमचीच खूण!" दिवसभर येईल त्याला दाखवत होते.

आता त्या अकरा पुस्तकांबद्दल.

मी सुट्टी संपवून हॉस्टेलवर परतले. जाताना फॉर्म आपोआप उघडेल असं करून ठेवलं. आठ दिवसांनी तात्यांचा फोन. "पोरी, अकरा पुस्तकं कमी आहेत."

मी म्हटलं, मोजण्यात चुकलं असेल. ते म्हणाले, मोजण्यात नाही चुकलं. त्यांची पद्धत अशी की नोंद झाली की वहीत त्या ओळीपुढे पेन्सिलनं बारीक खूण करायची. खुणा सहाशे बारा. फॉर्मच्या तळाशी एकूण नोंदींचा आकडा येतो तो सहाशे एक.

शनिवारी गावी गेले. पाहिलं, तर गेलेली पुस्तकं म्हणजे दाखल क्रमांक १ ते ११. वाचनालयाची सगळ्यात पहिली अकरा पुस्तकं! मधली कुठली नाहीत, नेमकी तीच. मला काही सुचेना. शेवटी म्हटलं, तात्या, तुम्ही सकाळी येऊन काय काय करता ते जसंच्या तसं करून दाखवा. त्यांनी संगणक सुरू केला. फॉर्म उघडला. त्यात पहिली नोंद भरलेली दिसत होती. तात्यांनी एकेक चौकोन पुसला, पाटी पुसावी तसा, आणि त्यावर नवीन पुस्तक लिहिलं. क्रमांकासकट.

फॉर्मला 'डेटा एन्ट्री' नावाची एक प्रॉपर्टी असते. ती मुळात 'नाही' असते. म्हणजे फॉर्म उघडला की पहिली जुनी नोंद समोर येते. 'होय' केली की कोरी नोंद येते. मी ती बदललीच नव्हती, कारण मला कधी गरजच पडली नव्हती. मला माहीत होतं की खालच्या बाणावर जाऊन नवीन नोंद घ्यायची. तात्यांना ते कुणी सांगितलं होतं? त्यांना पहिल्या दिवशी दाखवताना फॉर्म आधीच उघडून कोरा करून दिलेला होता. वीज गेली, संगणक परत सुरू केला, की समोर भरलेली पाटी. ती पुसायची आणि लिहायचं. एक नंबरचं पुस्तक पुसलं गेलं, पुढच्या वेळी दोन नंबरचं वर आलं, मग तीन. अकरा वेळा. आणि अ‍ॅक्सेस असा, की 'सेव्ह करू का' म्हणून विचारत नाही. पुढच्या नोंदीवर गेलात की आधीची पक्की. डावीकडे बारीक पेन्सिलचं चित्र असतं तेवढंच. पेन्सिल दिसते तोवर नोंद कच्ची, एस्केप दोनदा मारून परत फिरता येतं. पेन्सिल गेली की झालं. त्या क्रमांकांना देवघेवीची एखादी नोंद जोडलेली असती तरी त्यानं अडवलं असतं, पण ते टेबल मी 'नंतर करू' म्हणून ठेवलं होतं.

नेमकी त्याच आठवड्यात कार्यकारिणीची बैठक होती. एक सभासद म्हणाले, "तात्यांचं वय झालं आता. त्यांना जमणार नाही हे. संगणकावर आलं की कुणीही अर्धवेळ पोरगा करेल." तात्या कोपऱ्यात बसले होते. खाली बघत होते. अकरा पुस्तकं आपल्या हातून गेली हे त्यांनी कबूलच करून टाकलं होतं.

मला उभं राहून बोलायची सवय नाही. व्हायवालासुद्धा माझा आवाज चिरका होतो. पण उठले आणि सांगितलं, की चूक माझ्या फॉर्मची आहे. एका प्रॉपर्टीची. आणि ती सापडली ती तात्यांच्या पेन्सिलीमुळे. अर्धवेळ पोरानं खुणा केल्या नसत्या, मीही केल्या नसत्या, आणि पुढच्या पडताळणीला कळलं असतं की शंभर पुस्तकं नाहीत. सभासद म्हणाले, बरं बरं. बाबा काही बोलले नाहीत, पण घरी जाताना गाडीवर म्हणाले, "बरं झालं बोललीस."

त्या रात्री फॉर्म दोन केले. एक फक्त भरायचा, नेहमी कोरा उघडणारा. दुसरा फक्त बघायचा, त्यात बदलच करता येत नाही. दुरुस्ती करायची असेल तर वेगळं बटण, आणि ते 'तात्या, खरंच बदलायचं?' असं विचारतं. अकरा पुस्तकं वहीवरून परत भरली. भरताना तात्या म्हणाले, "एक विचारू? शेरा कुठं लिहायचा?"

मी म्हटलं, "तो रकाना नाही घेतला तात्या. बऱ्याच ठिकाणी रिकामाच आहे, आणि जिथे आहे तिथे काहीही लिहिलेलं आहे. त्यावर क्वेरी होत नाही."

त्यांनी वाद घातला नाही. तिसरी वही उघडून माझ्यासमोर ठेवली, आणि उठून खिडक्या लावायला गेले.

मी शेऱ्याचा रकाना वरून खाली वाचत गेले. 'वाळवी. बाद.' 'पान ४० ते ५६ नाहीत.' '२०१९ चा पूर. वाळवले, वापरात.' 'मुलाने चित्रे रंगवली, दंड घेतला नाही.' 'वाचक मुंबईस गेले, पोस्टाने परत पाठवले.' 'सैन्यात भरती, सोबत नेले.' असं पानभर. आणि मग एक ओळ. लेखिकेचं नाव, एक जाड कादंबरी, आणि शेऱ्यात: 'सदस्या दिवंगत, मे २०१०. घरी मागू नये.'

सदस्या म्हणजे माझी आजी.

ते पुस्तक आमच्या घरात आहे. मी दहावीच्या सुट्टीत वाचलं होतं. आतला शिक्का वाचनालयं एका ठरावीक आतल्या पानावर मारतात, त्यामुळे मी कधी नीट पाहिलाच नव्हता, आणि पहिलं पान फाटलेलं. मला वाटायचं आजीचंच आहे. बारा वर्षं तात्या दर आठवड्याला आमच्या दारावरून सायकलवर जात होते. बाबांच्या शेजारी बैठकीत बसत होते.

मी काही बोलले नाही. टेबल उघडलं आणि शेरा टाकला. माझ्या लॅपटॉपवरच्या नव्या अ‍ॅक्सेसमध्ये त्या प्रकाराला लाँग टेक्स्ट म्हणतात, तात्यांच्या २००७ मध्ये मेमो. साध्या टेक्स्टला २५५ अक्षरांची मर्यादा, याला तशी नाही. फॉर्मवर त्याला सगळ्यात मोठा चौकोन दिला, तीन ओळींचा, कुठलाही रूल नाही, सक्ती नाही.

एक्स्टर्नलनी प्रोजेक्ट बघताना विचारलं, एवढी जागा रिमार्क्सला कशाला वाया घालवली? मी म्हटलं, सर, युजर रिक्वायरमेंट. त्यांनी मार्क बरे दिले. तारखांबद्दल त्यांनी विचारलं नाही ते नशीब. त्या मशीनची रिजनल सेटिंग अमेरिकन होती आणि ४ जुलैची ७ एप्रिल होत होती, १२ च्या पुढच्या तारखा मात्र गुपचूप बरोबर. वहीतल्या तारखा चढत्या क्रमानं असतात म्हणून उलट्या पडलेल्या ओळी चाळून काढता आल्या. तो एक वेगळाच लेख होईल.

संक्रांतीला गावी गेले तेव्हा पिशवीत तिळगूळ आणि ती कादंबरी होती. तात्यांनी पुस्तक हातात घेतलं, थेट त्या आतल्या पानावर उघडलं, शिक्का पाहिला. मग 'दुरुस्ती'चं बटण दाबलं. 'तात्या, खरंच बदलायचं?' त्यांनी होय दाबलं. शेऱ्यात आधीचं काही पुसलं नाही. खाली नवी ओळ घेऊन टाइप केलं: 'जानेवारी २०२३. नातीने आणून दिले. पहिले पान नाही. वापरात.' शिफ्ट आणि एंटर दाबलं. पेन्सिल गेली.

मग त्यांनी वही ओढली आणि त्या ओळीपुढे खरी पेन्सिल चालवून एक बारीक खूण केली.